अडतीस हजारांना आवतण

रतनबाई गेल्याचं उंबरवाडीला कळलं ते देवळाच्या भोंग्यावरून. त्याच्या अर्धा तास आधी ते हर्षलच्या पेजवर येऊन गेलं होतं, पण पेजवर आलेलं गावापर्यंत पोचलं की नाही हे समजायला काही मार्ग नव्हता.

दवाखान्यातून गाडी निघाली तेव्हा गोरक्षनाना मागे बायकोच्या उशाशी बसले होते. पुढे ड्रायव्हरशेजारी त्यांचा पुतण्या हर्षल मोबाईलवर टाईप करत होता. त्यानं मान वळवून विचारलं, "नाना, काकीचा जन्म कुठल्या सालचा?"

"दुष्काळातला," नाना म्हणाले.

हर्षलनं बहात्तर टाकलं. खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, रतनबाईंचा लग्नातला फोटो टाकला, कारण तेवढाच एक फोटो होता ज्यात त्या कुणाला वाढत नव्हत्या. गाडी वेशीपाशी आली तेव्हा पोस्टवर चार अंगठे पडले होते. हर्षलनं ते नानांना दाखवले नाहीत. पण नानांच्या शेजारी बसलेल्या मोनिकानं, म्हणजे हर्षलच्या बायकोनं, आपला मोबाईल उघडला आणि नानांना ते दिसले. त्या वेळी त्यांना त्याचा अर्थ काही कळला नाही. नंतर भोंगा वाजला, सगळं गाव स्मशानात आलं आणि ती गोष्ट मागे पडली.

हर्षलच्या पेजचं नाव 'आपली उंबरवाडी'. त्याला अडतीस हजार फॉलोवर. उंबरवाडीत माणसं अडीच हजार, पुण्याला गेलेले आणि पाळण्यातले धरून तीन. उरलेले पस्तीस हजार कुठून आले हे फक्त हर्षल आणि मोनिकाला माहीत होतं.

हर्षलचं शिर्डीत फुलं-प्रसादाचं दुकान. देवळात मोबाईल नेता येत नाही, म्हणून दुकानात मोबाईल ठेवायचे कप्पे. भाविकानं मोबाईल पुढे केला की हर्षल म्हणायचा, एक मिनिट. मग त्याच्याच मोबाईलवर, त्याच्याच अंगठ्यानं, 'आपली उंबरवाडी' फॉलो करून घ्यायचा आणि मगच कप्प्याची किल्ली द्यायचा. भाविकाला वाटायचं, ही इथली नोंदणीची पद्धत असेल. अशा रीतीनं उंबरवाडीच्या नळाला पाणी कधी येणार, सोसायटीत खत आलं की नाही आणि कुणाची शेळी हरवली, या बातम्या करीमनगर, निजामाबाद, बेल्लारी आणि सुरतेपर्यंत रोज जात होत्या. तिथल्या लोकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. कधी काही म्हटलंही नाही.

दहावा झाला. नदीवर प्रवचन झालं, कावळा शिवायला वेळ लागला नाही. तेव्हा नाना म्हणाले, "तिचं मागं काही राहिलं न्हाई म्हनायचं." मग प्रश्न आला तेराव्याच्या जेवणाचा.

रतनबाईंच्या घराचा एक नियम होता. दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जाता कामा नये. पोस्टमन जेवून जायचा. मीटर बघणारा जेवून जायचा. एकदा थकबाकीसाठी वायरमन लाईट तोडायला आला, तर रतनबाईंनी त्याला आधी पिठलं-भाकरी वाढली आणि मग तोडू दिली. तो अर्धा खांब चढून खाली उतरला होता म्हणे, पण वरून हुकूम होता. दुसरा नियम, अन्न टाकायचं नाही. उरलं तर त्या स्वतः दोन दिवस तेच खायच्या आणि नानांना ताजं करून घालायच्या.

नानांना पोरबाळ नव्हतं. त्यांच्या हातानं बायकोसाठी करायचं म्हणून आता एवढंच उरलं होतं: तिच्या तेराव्याला आलेला माणूस उपाशी जाऊ नये, आणि घासभर अन्न उकिरड्यावर जाऊ नये. दुसरं त्यांच्या डोक्यात काही नव्हतं.

आता अडचण अशी, की तेरावा होईपर्यंत घरच्या माणसानं दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. आवतण द्यायला भाऊबंदातला कुणी घरोघरी जातो. भाऊबंदातला सगळ्यात जवळचा म्हणजे हर्षल. नानांनी त्याला बोलावून सांगितलं, की वरच्या आळीपासून सुरुवात कर, कुणाचं घर चुकवू नको, सूर्यभानच्या घरीही जा.

हर्षलला हे अवघड होतं. एक तर दुकान. दुसरं, सूर्यभान. सूर्यभान गावचा माजी सरपंच. मागच्या निवडणुकीत हर्षलनं मोनिकाला उभं केलं होतं आणि सूर्यभानच्या पॅनेलनं तिला पाडलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या गल्लीतून जाताना गाडीचा वेग वाढवत.

"नाना, दारोदार फिरायचं दिवस गेलं आता," हर्षल म्हणाला. "पेजवर टाकतो. अडतीस हजार लोक हायेत. एका झटक्यात आवतान जातं."

"अडतीस हजार?" नानांनी विचारलं. "मग वैजनाथला किती माणसाचं सांगायचं?"

"त्ये मंग अंगठं बघून ठरवू."

वैजनाथ म्हणजे पंचक्रोशीतला आचारी. नानांना ही पद्धत बरी वाटली. जितके येणार तितक्यांनी आधी अंगठा द्यायचा, तितक्यांचंच शिजवायचं. रतनबाई असत्या तर त्यांनाही पटलं असतं, असं त्यांना वाटलं.

हर्षलनं पोस्ट टाकली. लग्नातल्या फोटोला हार घातलेला, खाली बुंदीच्या ढिगाचा एक फोटो, तारीख, वेळ आणि घराचा नकाशा, म्हणजे बाहेरगावचा पाव्हणा चुकायला नको. संध्याकाळपर्यंत त्यावर चार अंगठे पडले. नानांनी हर्षलला एकेक उघडून दाखवायला लावलं. पहिला हर्षलचा. दुसरा मोनिकाचा. तिसरा हर्षलच्या दुकानाचा. चौथा कुणा मल्लय्याचा होता आणि त्यानं खाली 'ओम साई राम' लिहून हात जोडले होते.

"ह्यो मल्लय्या कुनाकडला?"

"असंल कुनीतरी," हर्षल म्हणाला.

"म्हंजी घरची दोन मानसं, एक दुकान आन् एक असंल कुनीतरी," नाना म्हणाले. "बाकीचं अडतीस हजार कुठं गेलं?"

हर्षलनं समजावून सांगितलं, की फॉलोवर सगळे असतात, पण कुणाला काय दाखवायचं ते वरून ठरतं. नानांनी विचारलं, वरून म्हणजे तालुक्यातून का. हर्षल म्हणाला, अमेरिकेतून.

"रतनच्या तेराव्याला कुनी यायचं ते अमेरिका ठरवनार," नाना म्हणाले.

हर्षलला आता स्वतःची लाज वाटायला लागली होती. चुलती गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण पेजचं दुःखही कमी नव्हतं. त्यानं सकाळी तीच पोस्ट पुन्हा टाकली. दुपारी गुलाबाची फुलं पडतायत असा व्हिडिओ करून टाकला, मागे बासरी लावली. अंगठे तेवढेच. 'पहिल्या कमेंटला आमच्या दुकानातर्फे पेढे' असं लिहायला निघाला होता, ते मोनिकानं हात धरून थांबवलं. शेवटी त्यानं पेजवर दोन चौकटी टाकल्या. वरची 'येणार', खालची 'नाही येणार'. आपापली चौकट दाबा.

दुसऱ्या दिवशी 'येणार'वर तीन जण होते. 'नाही येणार'वर दोनशेच्या वर.

झालं होतं इतकंच, की करीमनगर-निजामाबादच्या माणसांना समोर हार घातलेला फोटो आणि दोन चौकटी दिसल्या. मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. काहीतरी पुण्याचं काम असेल म्हणून त्यांनी अंगठ्याखाली जी चौकट आली ती दाबली. अंगठा मोबाईलच्या खालच्या बाजूला असतो. पण हे सांगायचं तर कप्प्यांची सगळी गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून हर्षल गप्प बसला. आणि नाव कुणाचं दिसत नसल्यानं नानांनी आपल्या परीनं हिशोब केला. गावात घरं चारशे. दोनशे घरं नाही म्हणाली. म्हणजे वरची आळी फिरली की खालची?

त्यांनी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायला सुरुवात केली. समोरून कडूबाई पाण्याचा हंडा घेऊन गेली. रतनबाईंची ती जिवाभावाची. दोघींनी मिळून वीस उन्हाळे कुरडया घातल्या होत्या. ती नानांकडे बघून काही बोलली नाही. नानांनी मनात धरलं, ही खालच्या चौकटीतली.

सहादेव रोज येऊन शेजारी बसायचा. दोघं शाळेत एकाच बाकावर नापास झालेले. बसायचा, तंबाखू मळायचा, मोबाईल काढायचा. त्या दिवशी नानांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. सहादेवनं पेज उघडलं होतं. रतनबाईंचा फोटो आला. सहादेवनं तो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर करून बघितला, खालचा मजकूर ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. त्याचा अंगठा खाली आला, घुटमळला आणि मागे गेला. मग त्यानं मोबाईल खिशात टाकला.

"काय बघत हुता रं?" नानांनी विचारलं.

"काय न्हाई. ऊस टनाला कितीला गेला त्ये," सहादेव म्हणाला.

नानांनी पुढे काही विचारलं नाही. तोंडानं विचारलं असतं, येणार का, तर ते दुसऱ्यांदा आवतण देणं झालं असतं. ज्याला आवतण मिळून तो नाही म्हणाला, त्याला पुन्हा विचारायचं म्हणजे बायकोच्या नावानं भीक मागण्यासारखं होतं. सहादेवही काही बोलला नाही. त्याला वेगळाच राग होता, की साऱ्या गावाला मोबाईलवर बोलावलं ते बोलावलं, पण मी समोर बसलेला असून मला तोंडानं म्हणत नाही. अशा रीतीनं दोघं संध्याकाळपर्यंत एका ओट्यावर न बोलता बसले.

वैजनाथ तेराव्याच्या आदल्या दिवशी मोठी पातेली टेम्पोत घालून आला. नानांनी ती टेम्पोतूनच परत पाठवली.

"ल्हान आन," ते म्हणाले. "पन्नास-साठ मानसाचं कर. भाऊबंद तेवढं येतील."

वैजनाथला वाटलं, दुःखानं यांचं डोकं फिरलंय. "नाना, रतनकाकीचं तेरावं हाय. गाव मोडून येईल."

"गाव न्हाई म्हनलंय. मोबाईलवर हाय, हर्षलला विचार."

वैजनाथनं हर्षलला विचारलं. हर्षलनं मान खाली घातली, ती वैजनाथला दुःखानं घातल्यासारखी वाटली. त्यानं लहान पातेली आणली, पण जाता जाता बोलला, की मी हयातीत हजार पंगती उठवल्या, चौकटी बघून आजवर कधी डाळ भिजवली नाही. नाना म्हणाले, "अन्न उरलं तर तिचा जीव तळमळंल. तिला जमत नव्हतं टाकायला."

तेराव्याला मंडप घालायचा म्हणून चार बांबूंवर एक छोटा कापडी मांडव घातला होता. फोटोला हार घातला. नैवेद्य दाखवला. पहिलं पान वाढायच्या आधी सहादेव आला. नव्या धोतरात होता. नानांना बघून म्हणाला, "आलो. तोंडानं बोलावलं न्हाई तरी आलो. तुझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी."

त्याच्या मागे त्याचं घर होतं. घरामागे त्याची आळी. कडूबाई आली ती खालच्या आळीतल्या सगळ्या बाया घेऊन. वरच्या आळीचे लोक मारुतीच्या पारापासून रांगेनं येताना दिसले. मांडव भरला, अंगण भरलं, लोक शेजारच्या ओट्यावर बसले, मग रस्त्यावर उभे राहिले. शेवटी चारपाच माणसांसह सूर्यभान आला. पांढरी टोपी, हातात हार. त्यानं तो रतनबाईंच्या फोटोला घातला आणि हर्षलकडे न बघता सतरंजीवर बसला.

नानांनी वैजनाथकडे बघितलं. वैजनाथनं पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं, पुन्हा ठेवलं आणि हात झटकले.

पहिली पंगत उठली तेव्हा बुंदी तळाला गेली. दुसऱ्या पंगतीला भाजीचा रस्सा झाला, वांगं शोधावं लागत होतं. हर्षल वाढप्यांच्या कानात जाऊन सांगत होता, हात आखडता घ्या. एका म्हातारीनं पानात पडलेल्या बुंदीच्या तीन कळ्या मोजल्या आणि शेजारणीला म्हणाली, "रतननं असं कधी वाढलं न्हाई." ती हळू म्हणाली, पण नानांनी ऐकलं.

ते मांडवाच्या मधोमध उभे राहिले. त्यांचा आवाज कधी वर गेला नव्हता, त्या दिवशीही गेला नाही.

"एक विचारतो. तुमाला यायचं हुतं, तर मोबाईलवर अंगठा का दिला न्हाई?"

लोकांनी पानाकडे बघितलं, आणि पान रिकामं होतं म्हणून पुन्हा वर बघितलं.

सहादेव पहिला बोलला. "अरे, बाई मेली आन् मी त्याच्याखाली आवडलं म्हनून अंगठा देऊ? वैनी जेवू घालायची मला. काय म्हनंल वरनं?"

तेवढं बाहेर आलं आणि मग सगळेच बोलायला लागले. एक जण म्हणाला, त्यानं दाबायला अंगठा नेला होता, पण आधीच कुणी दाबला नव्हता, मग पहिला आपणच कशाला. दुसरा म्हणाला, त्याच्या मोबाईलवर त्याची सून सगळं बघते. कडूबाई म्हणाली, तिनं रोज सकाळी चहाआधी रतनबाईंचा फोटो उघडून बघितला, अंगठ्याचं तिला काही माहीतच नाही. मग तिनं आवाज खाली केला आणि नानांना म्हणाली, "भाऊजी, आन् खरं सांगू का, हर्षलच्या पेजावर अंगठा दिला की दुसऱ्या दिशी सूर्यभानची मानसं इच्यारत्यात, काय, पार्टी बदलली का?"

सगळ्यांनी सूर्यभानकडे बघितलं. सूर्यभाननं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी सगळं वाचतो," तो म्हणाला. "पाण्याची टायमिंग, खताचं, शेळ्या हरवल्याचं, सगळं. सकाळी उठलो की आधी हर्षलचं पेज. पर अंगठा दिला तर हा उद्या सभेत सांगनार, सूर्यभाननं बी मान्य केलं. म्हनून देत न्हाई."

तीन वर्षं हर्षलला वाटत होतं, गावात आपलं कुणी वाचत नाही. सगळं गाव रोज वाचत होतं आणि हात मागे बांधून बसलं होतं. एरवी तो या बातमीनं नाचला असता. पण समोर तिसरी पंगत बसली होती आणि पातेल्यात आमटीचा तळ दिसत होता.

"मंग ती दोनशे मानसं कोन, न्हाई म्हननारी?" नानांनी विचारलं.

हर्षल उत्तर देणार, म्हणजे काहीतरी खोटं शोधणार, एवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. एक ट्रॅव्हल्सची बस गर्दीमुळे लांबच थांबली होती. तिच्या टपावर गोण्या, गॅसच्या टाक्या आणि उपडी घातलेली पातेली बांधलेली होती. आतून चाळीसेक माणसं उतरली, बायका, म्हातारे, कपाळाला आडवा अंगारा. पुढे एक जाडसर माणूस हात जोडून आला आणि त्यानं विचारलं, "माताजी का प्रसाद इदर है ना?"

त्याच्या हातात मोबाईल होता. मोबाईलवर रतनबाईंचा हार घातलेला फोटो, बुंदीचा ढीग आणि घराचा नकाशा.

नानांनी मोबाईल बघितला. मग माणसाकडे बघितलं. "तुमी मल्लय्या का?" ते म्हणाले.

"हां जी, मल्लय्या, करीमनगर."

नाना मागे वळून हर्षलला म्हणाले, "ह्यो आपला चौथा."

मग हर्षलला सांगावंच लागलं. दुकान, कप्पे, किल्ली, सगळं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. सूर्यभान हसला नाही, पण त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली ती जरा तिरकी चढवली. मल्लय्याला यातलं काही कळलं नाही. दरवर्षी ते शिर्डीला येतात, या वर्षी निघायच्या आधीच फोटो दिसला, एखाद्या साध्वीचं अन्नदान असेल म्हणून दर्शन झाल्यावर गाडी वळवली, असं त्याच्या बोलण्यातून निघालं. त्याच्या बायकांनी तोवर चपला काढून रतनबाईंच्या फोटोसमोर कापूर लावला होता. एकीनं विचारलं, माताजी कुठल्या संप्रदायाच्या.

"संत न्हाई त्या," नाना म्हणाले. मग त्यांना हिंदीत जुळवता येईना. "मेरी मिसेस है."

हे ऐकून मल्लय्यानं वाकून नानांच्या पायाला हात लावला. त्याच्या मागे सगळी बस वाकली. नाना मागे सरकत सरकत मांडवाच्या बांबूला टेकले.

आता जेवायला आणखी चाळीस होते, आणि शिजलेलं काही नव्हतं. नाना वैजनाथजवळ गेले आणि म्हणाले, की दारात आलेली माणसं आहेत, काहीतरी कर. वैजनाथनं झाकण उचलून दाखवलं. मल्लय्याही मागे आला होता. त्यानं पातेल्यात वाकून बघितलं, मांडवाकडे बघितलं, रस्त्यावर उभ्या लोकांकडे बघितलं. एकदा चार माणसांची पंगत सांभाळलेल्या कुणालाही जे कळतं ते त्याला कळलं. त्यानं बसकडे तोंड करून तेलुगूत आरोळी दिली.

टपावरून तांदळाच्या गोण्या उतरल्या. गॅसच्या शेगड्या उतरल्या. लुंगी लावलेला एक आचारी उतरला आणि त्यानं वैजनाथच्या चुलीशेजारी दुसरी चूल मांडली. हे लोक यात्रेला निघताना आपलं सगळं बरोबर घेऊनच निघतात, बाहेर खात नाहीत. वैजनाथनं आधी नाक मुरडलं. चिंचेचा कोळ भातात जाताना बघून तो नानांना म्हणाला, "तेराव्याला आंबट?" मग त्या आचाऱ्यानं मोहरी-मिरचीची फोडणी दिली आणि वैजनाथ गप्प होऊन जवळ सरकला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी अर्ध्या तासानं ते मीठ किती यावरून भांडत होते.

दह्याचा भात करायला दही हवं होतं. कडूबाईनं बायांना सांगितलं, आणि घराघरातून दह्यानं भरलेली गंजं आली. सूर्यभानच्या घरून सगळ्यात मोठं गंज आलं. ते बघून हर्षलनं मोनिकाला घरी पिटाळलं, आपलं त्याहून मोठं यायला पाहिजे म्हणून. सूर्यभाननं बाह्या सरसावून वाढायला सुरुवात केली. हर्षल त्याच्या मागून पाण्याचा जग घेऊन फिरत होता. दोघं एकाच ओळीत चालले होते आणि बोलत नव्हते, पण सूर्यभान पुढे सरकला की हर्षल बरोबर पुढे सरकत होता.

त्या दिवशी उंबरवाडीनं रतनबाईंच्या तेराव्याला चिंचेचा भात, सांबार आणि दहीभात खाल्ला. ज्या म्हातारीनं कळ्या मोजल्या होत्या तिनं तीनदा भात घेतला आणि म्हणाली, चांगलं आहे, पण भाकरी पाहिजे होती. सगळ्यात शेवटी नाना बसले. शेजारी सहादेव बसला. त्याचं जेवण झालं होतं, तरी बसला.

"तू अंगठा द्यायला पायजे हुता," नाना म्हणाले.

"आन् तू तोंडानं म्हनायला पायजे हुतं," सहादेव म्हणाला.

चुलीवर काही उरलं नव्हतं आणि कुणी उपाशी गेलं नव्हतं. नानांनी पातेल्यांत स्वतः वाकून बघितलं.

मल्लय्याच्या बसला अजून शिंगणापूर करायचं होतं, म्हणून ती घाईनं निघाली. हर्षलनं बसजवळ सगळ्यांचा एक फोटो काढला आणि पेजवर टाकला. त्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत तेलंगणातून हजारोंनी हात जोडले गेले. रत्नम्मांचं अन्नदान पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला, असं लोक विचारायला लागले. उंबरवाडीतून त्या फोटोवर एकही अंगठा पडला नाही. सूर्यभाननं तो फोटो रानात बसून मोठा करून बघितला, आपण वाढताना त्यात आलोय का ते पाहिलं, आणि मोबाईल खिशात ठेवला. हे त्यानंच नंतर सहादेवला सांगितलं.

नाना आता पेजकडे बघत नाहीत. त्यांच्यापुढे दुसरंच एक काम आहे. जाताना मल्लय्याच्या बायकोनं घरच्यांसाठी म्हणून चिंचेच्या भाताचं एक मोठं पातेलं रतनबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं, आणि गडबडीत ते तिथंच राहिलं. भात नानांनी दोन दिवस खाऊन संपवला. काठावर तेलुगूत नाव कोरलेलं आहे. हर्षलनं मल्लय्याला फोन केला. तो म्हणाला, राहू द्या, पुढच्या वर्षी येऊ तेव्हा नेऊ. हर्षल म्हणाला, त्यापेक्षा पार्सल करू.

पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं. कुणाच्या भांड्यात काय घालायचं हे या घरात रतनबाई ठरवायच्या. कडूबाई म्हणाली कुरडया घाला. सहादेव म्हणाला शेंगा घाला, टिकतात. हर्षल दुकानातले पेढे द्यायला तयार होता. नानांना त्यातलं कुठलंच पटलं नाही, आणि कुठलं पटेल तेही त्यांना सांगता येत नाही.

पातेलं घासून, पुसून, चुलीशेजारी उपडं घातलेलं आहे. ते करीमनगरला परत करायचं राहिलं आहे.